सुतकातले बारा दिवस

म्हापशाच्या डॉक्टरांनी गौरवीच्या फाइलवर काय लिहिलं ते मी टेबलाच्या पलीकडून, उलटं वाचलं. 'अँक्शस मदर.' आणि त्याखाली दोन रेघा. एक रेघ पुरली नसती?

"वजन वाढत नाही, कारण तुम्ही पोटभर घालत नाही," ते म्हणाले. "उलटी झाली की घाबरता आणि थांबता. थांबू नका. मुलं नाटकं करतात."

गौरवी तेव्हा एक वर्ष सात महिन्यांची होती. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून मांडीवर बसली होती. नाटकं करणाऱ्याची मनगटं अशी काडीसारखी नसतात, असं माझ्या तोंडात आलं होतं. मी म्हटलं, "हो डॉक्टर." त्या 'हो डॉक्टर'चा राग मला अजून येतो. भांडी घासताना येतो, तिची वेणी घालताना येतो.

"टॉनिक दोन्ही वेळा चालू ठेवा. गळून गेली तर साखरपाणी, गूळपाणी, जे असेल ते गोड द्या. तिची शुगर खाली जाते."

हे शेवटचं खोटं नव्हतं. रिपोर्टात आकडा होता. झटका आला की गौरवीच्या रक्तातली साखर खरोखरच खाली गेलेली असायची. साखर कमी आहे, मग साखर द्या. यात चूक कुठे आहे ते शहाण्या माणसालाही दिसणार नाही. मला तर वर्षभर दिसली नाही.

सहा महिन्यांची होईपर्यंत तिला काही म्हणजे काही नव्हतं. अंगावर पिणारं, मांडीला वळ्या पडलेलं पोर. उष्टावणाला माझा भाऊ शिरगावहून आला, वाटीतली खीर त्याने बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावली. अर्ध्या तासाने तिने नव्या झबल्यावर सगळं ओकलं. सगळे हसले. "मामाचो हात जड," कुणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून तिचं वजन वाढायचं थांबलं, आणि आम्ही हसत होतो.

मग तिने तोंड मिटायला सुरुवात केली. केळं दिसलं की मान वळवायची. शिऱ्याचा वास आला की रडायची. काजूच्या दिवसांत आमच्या इब्रामपूरला घरोघर बोंडांचा नीरो, पिळलेला गोड रस, असतो, तो पोटाला बरा म्हणून सासूबाईंनी दोन चमचे पाजला. त्या संध्याकाळी ती घामाने निथळली आणि माझ्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडून राहिली.

सासूबाईंना मी मांय म्हणते. मांय वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगते, कारण पुढे मी तिच्यावर खूप चिडणार आहे. गौरवी पांढरी पडली की तिच्या हातात गूळपाण्याचा पेला माझ्या आधी असायचा.

"गोड खायनासलेला पोर मी माज्या जल्मात बघूक नाय," ती म्हणायची. "तुज्या शिरगावच्या खाणीची धूळ दुधातसून उतारली आसतली हिच्या पोटात."

"मांय, माझ्या दुधावर होती तोवर बरी होती ती."

"ताच म्हणतंय मी. धूळ सावकाश चडता."

तिने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. पोट टम्म दिसू लागलं तेव्हा म्हापशाच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, तेही गोड. टॉनिक आंब्याच्या वासाचं. तापाचं औषध संत्र्याच्या वासाचं. लहान मुलांनी आवडीने घ्यावं म्हणून जगातल्या सगळ्या बाटल्या कुणीतरी गोड करून ठेवल्या आहेत.

आणि ती घेत नव्हती. म्हणून मी तिचं नाक दाबलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तिला मांडीत आडवी घ्यायची, तिचे हात माझ्या काखेत अडकवायचे, नाक दाबायचं, श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत. "शाणी गो माजी बाय," असं म्हणत म्हणत. ती माझ्याकडे बघायची. नंतर माझ्याच कुशीत शिरून रडायची, कारण जायला दुसरी जागा नव्हती तिला.

एप्रिलमध्ये गोकुळदासबाबा गेले. माझे सासरे आधीच गेलेले. हे त्यांचे थोरले भाऊ, आमच्याच घरात राहणारे, त्र्याऐंशी वर्षांचे. घराला बारा दिवसांचं सुतक लागलं. आमच्याकडे सुतक कडक. फोडणी नाही, मासळी नाही, आणि गोड तर घरात बनत नाही, बाहेरून येत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. मांयने गुळाचा डबा माळ्यावर चढवून ठेवला. टॉनिकची बाटली दुसऱ्याच दिवशी संपली. नवी आणायला सिद्धेशने, माझ्या नवऱ्याने, पेडण्याला जायला हवं होतं, पण माणसांची ये-जा इतकी होती की राहूनच गेलं. मीही आठवण केली नाही. शंभर पेले धुवायचे होते.

गौरवीला मिठाची पेज, मऊ भात, पातळ वरण. दुसरं द्यायला वेळही नव्हता आणि परवानगीही नव्हती.

नवव्या दिवशी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. दोरीवर जागा उरली. मी त्या रिकाम्या दोरीकडे बघत उभी राहिले. गेलं वर्षभर तिथे रोज सात-आठ फडकी असायची, तिच्या उलट्या पुसायची. आज एकही नव्हतं. काल? कालही नव्हतं. परवाचं मला आठवेना. आत येऊन बघते तर माझी पोर ओसरीवर सांत्वनाला आलेल्या बायकांच्या चपला एकावर एक रचत होती आणि स्वतःशीच खिदळत होती. भरल्या सुतकात.

"हसता बघ कशी," एक आजीबाई म्हणाली. "बाबा गेल्याचा काय्येक नाय तिका."

रात्री मी सिद्धेशला सांगितलं. तो म्हणाला, "बरी झाली हा ता बरा. उगाच कारणां कित्याक शोधतस?" मीही विषय सोडला. बरं झालेलं बोलून दाखवलं की बिघडतं, ही भीती माझ्यातही आहेच. अंधश्रद्धा काय फक्त सासवांची असते?

तेराव्या दिवशी गोड. भरपूर माणसं, पायसाचा टोप. आमच्याकडे रीत अशी की सुतक उतरताना घरातल्या प्रत्येकाचं तोंड गोड झालं पाहिजे, आणि पहिला घास घरातल्या सगळ्यात लहान जीवाला. त्याने खाल्ल्याशिवाय थोरांनी खायचं नाही. चाळीस माणसं पानांवर थांबली होती. मांयने द्रोणात पायस घेतलं आणि गौरवीसमोर बसली. गौरवीने तोंड मिटलं.

"मांय, नको तिला. आता कुठे ती..."

"तोंड गोड केल्याबगर सुतक फिटणा नाय, समीक्षा. जेवणार थांबलेत. नखभर घाल."

"नखभर तर आसा," पंगतीतून कुणी पुरुष म्हणाला. "आमकां भुका लागल्यो!"

लोक हसले. सिद्धेशने माझ्याकडे 'उरक आता' असं बघितलं. आणि मी तिचं नाक दाबलं. सवयीचा हात माझा. मांयने एक नाही, तीन चमचे घातले. गुळाचं पायस, वर केळ्याचे काप.

पंचवीस मिनिटं. ताक वाढताना मी तिच्याकडे बघत होते. आधी ओकली. मग कपाळावर घाम. मग ओठांचा रंग गेला आणि डोळे वर चढले, हातपाय ताठ झाले. पंगत उठली.

"बाबांचो जीव होतो तिच्यार," एक जण ओरडली. "हाक मारतत तिका!"

"गूळपाणी! आधी गूळपाणी हाडा!" मांय पेला घेऊन धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तिच्या हातावर फटका मारला. पेला लांब जाऊन पडला. सासूवर हात उचललेली सून, चाळीस माणसांसमोर. मला त्या वेळी कळलं होतं असं नाही. दोरी डोळ्यांसमोर आली, एवढंच.

शेजारच्या साईशच्या गाडीतून आम्ही पेडण्याला आणि तिथून रुग्णवाहिकेने मोठ्या इस्पितळात गेलो. सलाइन लागलं, झटका थांबला. दुपारी चारला मोठे डॉक्टर आले, मागे सहा-सात जण. त्यांनी फाइल वाचली, आमच्या कपड्यांवरून नजर फिरवली.

"घरात कोणी वारलं होतं?"

"हो. आज तेरावा."

"मग बारा दिवस हिला उपाशी ठेवलीत. सुतक पाळलंत ना? लहान मुलाला?" ते मागे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, दोघे जण गालात हसले. "बाई, देव-धर्म मोठ्या माणसांनी करावा. शुगर अठ्ठावीस होती. लिव्हर सुजलंय. हे उपासमारीने होतं."

"उपाशी नव्हती ती," मी म्हटलं. "ते बारा दिवसच ती जेवली. वर्षभरात तेवढेच."

"सगळ्या आया हेच सांगतात."

"तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही मला सांगितलंत!"

सिद्धेशने माझा दंड धरला. "गप रव. डॉक्टरपेक्षा तुका जास्त कळता?"

राउंड पुढे गेला. त्यातली एक थांबली. केस घट्ट बांधलेली, डोळ्यांखाली काळं, रक्त घ्यायचा ट्रे हातात. बिल्ल्यावर डॉ. दिपाली असं होतं. मला वाटलं सुई टोचायला थांबली. तिने ट्रे खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"समीक्षाताई, ते बारा दिवस. परत सांगा. काय खाल्लं, काय केलं, ते विचारत नाही. त्या दिवसांत घरात काय नव्हतं?"

एका वर्षात, चार डॉक्टरांत, हा प्रश्न पहिला होता. मी बोटांवर मोजत सांगू लागले. फोडणी नव्हती. मासे नव्हते. देवाची पूजा नव्हती. टॉनिक संपलं होतं. गोड...

खीर, केळं, नीरो, टॉनिक, जंताचं औषध, गूळपाणी, गूळपाणी, गूळपाणी.

"तिला गोड आवडतं?" दिपालीने हळूच विचारलं.

"कधीच नाही. आम्ही जबरदस्तीने..."

ती पटकन उठली. गौरवीची आल्या आल्या घेतलेली लघवी अजून बाटलीत तशीच होती, ती घेऊन निघून गेली.

ती परतायच्या आधी सिस्टर आली. छोट्या प्लास्टिकच्या कपात औषध. "क्षार कमी झालेत. तोंडाने द्यायचं आहे."

मी वास घेतला. संत्रं.

"नको."

"नको म्हणजे? मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय."

"यात साखर आहे. मी देणार नाही."

सिस्टरने त्यांना बोलावून आणलं. ते चिडले होते. त्यांचंही बरोबर असेल, चाळीस पोरं होती त्या वॉर्डात. "औषध घ्यायचं नसेल तर सही करा आणि घेऊन जा मुलीला. उद्या काही झालं तर आमच्या दारात येऊ नका."

"नेणार नाही. औषधही देणार नाही. इथेच बसणार," मी म्हटलं. आवाज कुठून तरी खाणीतल्या ट्रकसारखा येत होता. "दुसऱ्या वाटेने द्या. सुईतून द्या. तिच्या तोंडात आता कोणी काही घालायचं नाही. मीसुद्धा नाही."

"मिस्टर, तुम्ही समजवा यांना."

सिद्धेश पुढे आला. मला वाटलं, झालं. त्याने कप घेतला, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. गौरवीकडे बघितलं. वर्षभरात त्याने तिचं एकही औषध चाखलं नव्हतं.

"गोड आसा, डॉक्टर," तो म्हणाला. "पायसापरास गोड." आणि कप खिडकीत ठेवून तो माझ्या बाजूला उभा राहिला.

तेवढ्यात दिपाली आली. एका हातात काचेची नळी, आतलं विटकरी लाल. दुसऱ्या हातात कागदाची पट्टी, कोरी. "सर, पट्टी निगेटिव्ह आहे. पट्टीला फक्त ग्लुकोज कळतं. पण हे निळं पाणी तापवल्यावर असं झालं. लघवीत साखर आहे, आणि ती ग्लुकोज नाही. गोड खाल्ल्यावर शुगर खाली, उलट्या, लिव्हर, सहा महिन्यांनंतर सुरुवात, गोडाचा तिटकारा." तिने नळी त्यांच्यापुढे धरली. "फळातली साखर हिला पचवता येत नसावी. जन्मापासून."

"हजारो मुलांत एखादं असतं तसलं. पुस्तकात वाचलंत म्हणून लगेच..."

"हो सर. पण त्या हजारांतलं एखादं कुठल्या तरी पलंगावर असणारच ना?"

त्यांनी नळी घेऊन उजेडात धरली. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "अठ्ठेचाळीस तास गोड बंद. क्षार शिरेतून. जनुकांची तपासणी बाहेर पाठवा. बघू." माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवून मी दिपालीला विचारलं, यातही साखर आहे ना? ती म्हणाली, "आपल्या साखरेत दोन साखरा जोडलेल्या असतात. एक ही, सलाइनमधली. ती हिला चालते, तिनेच ही शुद्धीवर आली. दुसरी हिच्या लिव्हरला मोडता येत नाही. ती आत अडकली की पहिलीलाही अडवते. म्हणून गोड दिल्यावर रक्तातली साखर खाली जायची." मी ते तिच्याकडून तीन वेळा सांगून घेतलं. तिसऱ्या वेळी मला रडू आलं, आणि तिने घड्याळ बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गौरवीने स्वतःहून पेज मागितली. "पेद." सिद्धेश कॅन्टीनला धावत गेला.

रिपोर्ट पंचवीस दिवसांनी आला. आजाराचं नाव इतकं लांबलचक की सिद्धेशला ते दोनदा वाचावं लागलं. जन्मभराचं आहे, पण गोड टाळलं की काहीच नाही. शाळा, खेळ, लग्न, सगळं. मांयने ओसरीवर बसून ऐकलं. रोज बाजारहाट, माणसं सांभाळणारी बाई एकदम लहान दिसायला लागली.

"म्हणजे मी विष घालीत होतंय काय गो तिका? माज्या हातान?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. सुनेने, माणसाने, म्हणायला हवं होतं. तिच्या मनगटावरचा माझ्या फटक्याचा वळ कधीच गेला होता, पण ती तिथेच चोळत होती.

"दोघी घालत होतो," मी म्हटलं. "तुमी पेल्यातून, मी चमच्यातून." त्याहून मऊ काही माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. ती उठली, गुळाचा डबा, साखरेची बरणी, मधाची बाटली, सगळं गोणीत भरून शेजारी देऊन आली. आल्यावर म्हणाली, "आता चवथीक काय रांदूचा ता तू सांग." मी सांगितलं. आमच्यात तेवढंच बोलणं झालं आणि तेवढं पुरलं नाही, पण सुरू झालं.

आणखी महिन्याने इस्पितळात दाखवायला गेलो. दिपालीची बदली दुसऱ्या विभागात झाली होती. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आठ-दहा विद्यार्थी होते. गौरवीचं वजन पावणेदोन किलो वाढलं होतं. ते खूश होते, खरोखर खूश.

"पाहा, ही ती केस," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. "लक्षणं फसवी. शुगर कमी दिसते आणि आपण शुगर देत बसतो. इथे आपण वेळेवर पकडलं. कशामुळे? हिस्ट्रीमुळे. आईचं ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं."

आपण! मी तोंड उघडलं.

"डॉक्टर, माझं ऐकलं ते डॉक्टर दिपालींनी. तुम्ही म्हणालात मी तिला उपाशी ठेवली. या मुलांना तेही सांगा, नाहीतर ती शिकणार काय?"

ते थोडं हसले, चष्मा काढून पुसला. "असं झालं खरं," ते म्हणाले. एवढंच. आणि मग, वातावरण हलकं करायला असेल, किंवा तीस वर्षांची सवय असेल, त्यांनी ड्रॉवर उघडला, लाल कागदातली चॉकलेटची गोळी काढली आणि गौरवीपुढे धरली. "शूर मुलगी आहेस हं. घे."

रिपोर्ट त्यांच्या कोपराखालीच होता.

मागच्या ओळीतली एक मुलगी "सर..." म्हणाली. सिद्धेश खुर्चीतून अर्धा उठला. मी त्याला हाताने थांबवलं. गौरवीने त्या गोळीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आपला छोटा तळवा त्यांच्या बोटांवर ठेवला आणि त्यांचा हात हळूहळू टेबलाच्या पलीकडे ढकलत नेला, त्यांच्या छातीपर्यंत.

डॉक्टरांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी आया म्हणतात ना, असं करू नये बाळा, डॉक्टरकाकांना सॉरी म्हण.

मी म्हटलं नाही. तिला कडेवर घेतलं, फाइल उचलली आणि बाहेर आले.